दोघी दचकल्या नाहीत

तिला घडी विभागात सगळे वेधशाळा म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच निवांत पडून असायचं. पुढे काय होणार हे सांगायची तिला भारी हौस, आणि सांगितलेलं निम्म्या वेळा साफ चुकायचं, म्हणून हे नाव. पण चुकली तरी ती हार मानणाऱ्यातली नव्हती. "मी बरोबरच सांगितलं होतं, त्या मालिकावाल्यांनी ऐन वेळी बदललं," असं म्हणून ती डब्याचं झाकण टपकन लावायची. आता यावर कोण काय बोलणार?

कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता तो. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्या भरभरून यायचे. एका टोकाला धुलाईची यंत्रं, मध्ये चादरींना इस्त्री करणारा तो अगडबंब तापलेला रोलर, आणि खिडक्यांच्या बाजूला घडी विभाग, म्हणजे चार लांब टेबलं आणि सहा बायका. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, झटकायचं, चालत एकमेकींजवळ यायचं, कोपरे हातात द्यायचे, वाकून दुमड उचलायची की पुन्हा मागे. दिवसाला चारशे चादरी. बावीस वर्षं वेधशाळेने हेच केलं होतं, आणि तिची घडी अशी बसायची की सुपरवायझर नव्या बायकांना ती दाखवायला न्यायचा.

दुपारी एकला रोलर थांबायचा. मग शिट्टीचा मोबाईल अभ्र्यांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा राहायचा. शिट्टी म्हणजे विभागातली सगळ्यात लहान बाई. हसली की कुकरची शिट्टी झाल्यासारखं वाटायचं. मालिका ती केवढी? रोज तीन मिनिटांचा एक भाग. एका मोठ्या घरात लग्न होऊन आलेली धाकटी सून, वरच्या मजल्यावरची कुलूपबंद खोली, आणि त्या खोलीच्या दाराखालून रोज बाहेर येणारी एक चिठ्ठी. चिठ्ठ्या कोण टाकतंय? डॉक्टर असलेला दीर, घरचा वकील, की फाटकावरचा चौकीदार? तीन मिनिटं बघायचं आणि उरलेली सत्तावीस मिनिटं भांडायचं, असा हिशेब होता.

एक नियम मात्र कडक. मोबाईलवर पाच जाहिराती बघितल्या की उद्याचा भाग आजच उघडायचा. तो कुणीही बघायचा नाही, अशी सगळ्यांनी शिट्टीच्या मोबाईलवर हात ठेवून शपथ घेतली होती. आधीच्या एका मालिकेच्या वेळी एकीने ही शपथ मोडली, तर थोरलीने तिला महिनाभर फाटकाजवळ पहारेकऱ्याच्या शेजारी डबा खायला लावला होता. थोरली म्हणजे विभागातली सगळ्यात जुनी बाई. तिचा शब्द सुपरवायझरसुद्धा खाली पडू देत नसे.

भाग संपला की थोरली मान वळवून विचारायची, "हं, वेधशाळा, पुढे काय?"

या एका प्रश्नावर तिचा दिवस उभा होता. हसू नका, खरंच सांगते. घरी मुलगा होता, सून होती, दोघंही स्वभावाने गरीब. पण घरात काही ठरवायचं झालं की मुलगा म्हणायचा, "आई, तू राहू दे, तुला कशाला त्रास?" पडद्याचा रंगही तिला कुणी विचारला नव्हता. नवरा होता तोवर तोही विचारत नसे, पण निदान भांडत तरी असे. आता तिचं मत मागणारी माणसं जगात पाच, आणि ती पाचही एक ते दीडच्या दरम्यान घडी विभागात बसायची. मोबाईलसमोर मधोमध जो पालथा क्रेट होता, तो तिचा. त्यावर दुसरं कुणी बसलं तर ती काही बोलायची नाही, नुसती समोर उभी राहायची. बसणारी आपोआप उठायची.

मग नवी आली.

नवी चाळिशीची, सडपातळ, डोळे मोठे आणि स्थिर. सुपरवायझरने तिला नेमकी वेधशाळेच्या समोर उभी केली. "हिला हात शिकवा," म्हणाला. शिकवायचं काय, बाईचा हात पहिल्या दिवसापासून बसलेला. वेधशाळेने कोपरा जरासा उचलला की नवीचा कोपरा उचललेला असायचा. हे वेधशाळेला आवडलं असं म्हणवत नाही.

पण तिला खरं खुपलं ते वेगळंच. चादर वर उचलली की दोघींच्या मध्ये पांढरी भिंत उभी राहते. वेधशाळेला त्या भिंतीपलीकडे बोलत राहायची सवय. बावीस वर्षं तिने अशाच गप्पा मारल्या होत्या. नवी भिंतीपलीकडून हूं की चूं करायची नाही. चादर खाली आली की मात्र गोड हसायची. "कुठून आलीस गं?" उत्तर नाही. "मुलं किती?" उत्तर नाही. चादर खाली, आणि हे हसू.

"शिष्ट आहे मेली," वेधशाळा शिट्टीला म्हणाली. "आपण बोलायचं आणि हिने दात दाखवायचे."

तरी इथवर ठीक होतं. बिनसलं ते चौथ्या दिवशी. त्या दिवशीच्या भागात चौकीदार हातात कंदील घेऊन जिन्याने वर जातो. मागे असं काही संगीत वाजलं की शिट्टीचं हसणंसुद्धा थांबलं. वकील खाली उभा राहून सुनेला सांगत होता, "मी तर आजच गावाहून आलोय." वेधशाळेने सगळ्यांकडे वळून मान हलवली आणि जाहीर केलं, "चौकीदारच. लिहून घ्या."

"चौकीदार नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "वकील. तो खोटं बोलतोय."

सगळ्यांनी माना वळवल्या. नवी होती. डबा मांडीवर, आवाज शांत.

"कशावरून?" वेधशाळेने विचारलं.

"तोंडावरून."

दुसऱ्या दिवशी वकिलाच्या बॅगेतून चिठ्ठ्यांचा कोरा कागद निघाला. शिट्टी किंचाळली. थोरलीने नवीकडे असं पाहिलं, जसं ती फक्त उत्तम धुतलेल्या चादरीकडे पाहायची. वेधशाळा म्हणाली, "लागला मटका एकदा." पण मटका दुसऱ्यांदा लागला, तिसऱ्यांदाही लागला. दिराचं प्रेम खोटं आहे, सासू आजारी नाही, मोलकरणीला सगळं माहीत आहे. नवी दोन शब्दांत सांगायची आणि तसंच व्हायचं. आणि मग एका दुपारी भाग संपला, थोरलीने मान वळवली, आणि ती मान मधल्या क्रेटपाशी न थांबता पुढे गेली.

"हं, नवी, पुढे काय?"

वेधशाळेने हातातला घास डब्यात परत ठेवला. अंगाचा तिळपापड झाला म्हणतात ना, तो तिने त्या दिवशी अनुभवला. बावीस वर्षांत तिने कुणाचा एवढा राग केला नव्हता, मेलेल्या सासूचासुद्धा नाही. आणि वर ही बाई माजही करत नव्हती! माज केला असता तर भांडता तरी आलं असतं. दुपारी चादरीच्या भिंतीआडून वेधशाळा दातओठ खात म्हणाली, "फार शहाणी समजतेस ना स्वतःला? दोन दिवसांत उतरेल तुझी मिजास." चादर खाली आली. नवी हसली, नेहमीसारखी, गोड. वेधशाळेला वाटलं, त्या चादरीत हिलाच गुंडाळावं आणि रोलरमध्ये सोडावं.

घरी तिने मुलाला सांगून पाहिलं. "एक नवी बाई आलीय, फार आगाऊ आहे." मुलगा म्हणाला, "आई, तू लक्ष देऊ नकोस." सून म्हणाली, "मालिकाच आहे ना?" वेधशाळा उठून मोरीत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

आणि मग तिने ते केलं. सकाळी साडेपाचला, सगळे झोपलेले, दूध गॅसवर. तिने पाच जाहिराती बघितल्या. एक गुडघेदुखीच्या तेलाची, एक गाद्यांची, एक पुन्हा त्याच तेलाची, उरलेल्या दोन कशाच्या तिलाही कळलं नाही. भाग उघडला. बघून झाल्यावर तिने मोबाईल पदराने पुसून ठेवला, जणू त्यावर काही डाग राहिला होता. दूध उतू गेलं.

त्या दिवशी दुपारी तिने सांगितलेलं अक्षरशः खरं ठरणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी ठरलंही. "वा, वेधशाळा सुधारली!" शिट्टी ओरडली. पण गंमत अशी की नवीनेही तेच सांगितलं होतं. "दोघींचं एकच निघालं," थोरली म्हणाली आणि कौतुकाचे दोन सारखे भाग करून वाटून टाकले. वेधशाळेला निम्मं कौतुक नको होतं. एवढं पाप करून निम्मंच?

शुक्रवारचा भाग तिने गुरुवारी सकाळी बघितला तेव्हा तिची कपबशी हातातून निसटली, असा तो भाग. सून त्या बंद खोलीत शिरते. वीज जाते. पडदा काळा, ठार काळा. काहीच दिसत नाही, काहीच वाजत नाही. मोजून सहा सेकंद. आणि मग अंधारातच धाडकन दार आपटतं, इतकं जोरात की माणूस जागेवर उडावा, आणि भाग तिथेच संपतो.

वेधशाळेच्या डोक्यात किडा वळवळला. उद्या मोबाईलकडे बघायचंच नाही. नवीकडे बघायचं. ही दगडाची मूर्ती कशी उडते, कशी किंचाळते, ते डोळे भरून बघायचं आणि महिनाभर तिला त्यावरून चिडवायचं.

शुक्रवारी एकला सगळ्या दाटीवाटीने बसल्या. रोलरवाला दादा, जो "बायकांच्या मालिका मी बघत नाही" असं रोज सांगायचा, चहाचा पेला घेऊन बरोबर मोबाईल दिसेल अशा खांबाला टेकला. सून खोलीत शिरली. पडदा काळा झाला. थोरलीने पदराचं टोक दातात धरलं. वेधशाळेने मान वळवली आणि नवीच्या तोंडावर नजर लावली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

धाड!

शिट्टीच्या हातातलं झाकण उडून टॉवेलांच्या ढिगात गेलं. एकीने अभ्रा डोक्यावर ओढला. थोरलीच्या तोंडून अशी शिवी निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं. रोलरवाल्या दादाने चहा स्वतःच्याच चपलेवर सांडला आणि "पेला गरम होता" म्हणाला.

नवी दचकली नाही. पापणीही हलली नाही. ती त्या काळ्या पडद्याकडे शांतपणे बघत राहिली, मग तिला आजूबाजूचा गोंधळ दिसला, आणि तेव्हा, घाईघाईने, तिने छातीवर हात ठेवला. मग तिची नजर वेधशाळेच्या नजरेला भिडली आणि चटकन खाली गेली.

वेधशाळेच्या मनात लख्ख प्रकाश पडला. लबाड! ही घरी पुढचा भाग बघून येते! म्हणून हिला सगळं आधी कळतं! केवढा संताप आला तिला. शपथ घेतलेली बाई आणि असं करते? लाज नाही वाटत? आपणही गेले काही दिवस तेच करतोय, हे तिच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं, पण तिने त्याला बसायला जागा दिली नाही.

जेवण झालं, रोलर सुरू झाला, चादर वर गेली. भिंतीआडून वेधशाळा म्हणाली, "मला कळलंय तुझं बिंग."

उत्तर नाही.

"थोरलीला सांगणार आहे मी. फाटकावर बसवेल ती तुला."

उत्तर नाही. तिने आवाज चढवला, इतका की पलीकडच्या टेबलावरच्या दोघींनी वळून बघितलं. "बहिरी आहेस का गं?"

चादर खाली आली. नवी हसली. "काही म्हणालात का, ताई?"

वेधशाळेचे हात तिथेच थांबले. हे हसू तिने महिनाभर पाहिलं होतं, पण नीट आत्ताच पाहिलं. ते शिष्टाचं हसू नव्हतंच. आपलं काहीतरी ऐकायचं राहिलंय अशी धास्ती असलेल्या माणसाचं ते हसू होतं. पुढची चादर आणायच्या निमित्ताने ती नवीच्या मागे गेली आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. खण्णकन. नवी अभ्रे मोजत राहिली.

आता ऐका, त्या कारखान्यात एक नियम होता. रोलर अडकला की भोंगा वाजायचा आणि ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याला त्या हॉलमध्ये कामाला ठेवायचं नाही. भोंग्याबरोबर भिंतीवर लाल दिवाही लागायचा, आणि घडीची टेबलं रोलरपासून चांगली साठ पावलं लांब. पण नियम तो नियम. दोन वर्षांपूर्वी एकीला याच कारणाने घरी पाठवलं होतं. म्हणजे वेधशाळेने एक वाक्य बोलायचा अवकाश, सोमवारी समोर नवी नसणार होती. क्रेट तिचा, प्रश्न तिचा, सगळं पहिल्यासारखं.

चारच्या सुट्टीत ती सुपरवायझरच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. केबिनला तिन्ही बाजूंनी काचा. "काय बाई?" तो म्हणाला. तिने तोंड उघडलं, आणि तिला काचेतून नवी दिसली. पार पलीकडे, टेबलाशी उभी. हातात टॉवेल तसाच. नजर वेधशाळेच्या ओठांवर. भीक मागत नव्हती, रडत नव्हती, वाचत होती. पाठ फिरवली असती तर काम झालं असतं. वेधशाळेने पाठ फिरवायला पायही हलवला. पण एखाद्याच्या पोटावर पाय द्यायचा आणि तोंड लपवून द्यायचा, हे तिला जमेना. तेवढी ती वाईट नव्हती, आणि याचा तिला रागच आला.

"टेबलाचा पाय डुगडुगतोय," ती म्हणाली.

"मग पुठ्ठा लावा ना बाई, मला काय सांगता?"

ती परत आली. दोघींनी चादर धरली, झटकली, जवळ आल्या. कोपरे देताना नवी हळूच म्हणाली, "कुठल्या टेबलाचा पाय डुगडुगतोय?"

वेधशाळेने वळून केबिनच्या काचांकडे बघितलं.

"चौदा वर्षं पत्रे ठोकायच्या कारखान्यात होते," नवी म्हणाली. दोघी मागे सरकल्या, पुन्हा जवळ आल्या. "डावा कान गेला, मग उजवा. आता माणसांची तोंडं बघते. मालिकेतही तेच बघते. तुम्हाला ते संगीत फसवतं, ताई. चौकीदार आला की ढमढम वाजतं म्हणे, म्हणून तुम्ही सगळ्या चौकीदाराकडे बघता. मला ढमढम नाहीच. मी वकिलाकडे बघत होते."

म्हणजे ही लबाडी नव्हतीच. लबाडी असती तर बरं झालं असतं. लबाडी पकडता येते. ही बाई खरोखरच हुशार होती, आणि हुशारीला काय करणार?

"आणि आज दुपारी," नवी म्हणाली, "आपण दोघी दचकलो नाही. मी का ते तुम्हाला कळलंय. तुम्ही का ते मला कळलंय. पडदा काळा झाल्यावर सगळ्या मोबाईलकडे बघत होत्या, आणि तुम्ही माझ्याकडे. पुढचं ठाऊक असल्याशिवाय कुणी असं बघत नाही."

त्या चादरीची घडी वाकडी बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दोघींनी काही ठरवलं नाही, शपथाही घेतल्या नाहीत. सोमवारी वेधशाळेने फक्त क्रेटवर जरा सरकून जागा केली. "बस इथे," ती म्हणाली, नवीला ओठ नीट दिसतील असं. "आवाज झाला की चिमटा काढीन. मग उडायचं. नाहीतर एक दिवस थोरलीच्या ध्यानात येईल." तिला वाटलं होतं, हे अगदी सोपं काम आहे. पण सवय वाईट. सोमवारचा भाग तिने रविवारी सकाळीच बघून ठेवला होता. डॉक्टर दिराच्या हातून ट्रे पडतो, हे तिला माहीत होतं; आता पडणार, आता पडणार, या धास्तीने तिने चिमटा काढला तो तीन सेकंद आधी.

नवी क्रेटवरून हातभर उडाली. मोबाईलमध्ये सून शांतपणे केस विंचरत होती. सगळ्या नवीकडे बघायला लागल्या, आणि तेव्हा कुठे ट्रे पडला.

शिट्टीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुला आधीच कसं कळलं गं?"

थोरलीने मोबाईल बंद केला. "नवी," ती म्हणाली, "पुढचे भाग बघून येतेस? म्हणून रोज बरोबर सांगतेस होय? शपथ घेतली होतीस ना?"

खोटं कशाला बोलू, तो क्षण वेधशाळेला फार गोड वाटला. तिने काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. नवी आपली बाजू मांडूच शकत नव्हती. काय सांगणार, मला ऐकू येत नाही म्हणून? नवीने मान वळवली आणि वेधशाळेच्या तोंडाकडे बघितलं. वेधशाळेने तोंड शक्य तितकं कोरं ठेवलं, पण तिला पक्कं ठाऊक होतं की ही बाई आतलं सगळं वाचतेय, ओळ न ओळ. तो गोडवासुद्धा.

"मी," वेधशाळा खेकसली. "मी बघते. ती नाही, मी! मी चिमटा काढला तिला, घाबरवायला. झालं समाधान? ती बिचारी कशाला बघेल, तिला गरज काय?"

हे शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. ते निसटलं.

शिक्षा झाली. फाटकावर नाही, थोरलीने बावीस वर्षांचा मान ठेवला. पण मधला क्रेट गेला. महिनाभर मागच्या ओळीत, टॉवेलांच्या गाडीशेजारी, आणि महिनाभर तिला "पुढे काय" कुणी विचारायचं नाही. नवी स्वतःहून उठून तिच्या शेजारी मागे जाऊन बसली. "एकटीला करमणार नाही त्यांना," म्हणाली. सगळ्यांना वाटलं, काय मोठं मन आहे या बाईचं! वेधशाळेने डोळे मिटून ते कौतुक गिळलं.

पण मागे बसण्याचा एक फायदा झाला. तिथे हात कुणाला दिसत नव्हते. आणि वेधशाळेने पहाटेच्या जाहिराती सोडून दिल्या. सोडणं भागच होतं. चिमटा वेळेवर बसायचा तर आधी स्वतः दचकायला हवं, आणि दचकायचं तर पुढचं माहीत नसायला हवं. आवाज झाला की तिचा जीव दडपायचा, बोटं आपोआप आवळली जायची, आणि नवी उडायची. हिशेब एकदम जमला.

जरा जास्तच जमला. नवी दचकायची ती अशी, की बघत राहावं. खांदे वर, डोळे मोठे, दोन्ही हात तोंडावर. आठवड्याभरात पुढच्या ओळीतल्या बायका वळून मागे बघायला लागल्या. रोलरवाला दादाही खांब बदलून या बाजूला आला. "नवी, काय सुंदर दचकतेस गं!" शिट्टी म्हणाली. "किती जीव लावून बघतेस!" थोरली म्हणाली, "दचकावं तर हिने. बाकीच्या नुसत्या किंचाळतात." आणि मग पुन्हा, "हं, नवी, पुढे काय?"

वेधशाळा टॉवेलांच्या गाडीला टेकून ऐकत होती. पुढचं सांगायचं हिने, दचकायचंही हिने, मोठ्या मनाचीही हीच. आणि ते दचकणं कुणाचं होतं? तिचं! तिच्या पोटात उठलेलं, तिच्या बोटांतून गेलेलं. त्यावर टाळ्या दुसरीला.

दुसऱ्या दिवशीच्या भागात खिडकीचं तावदान हलकेच वाजलं. तेवढंच.

तीन वाजता चादर झटकताना नवीने बाही वर केली. दंडावर निळा डाग, चांगला रुपयाएवढा. "आज जरा जोरात होता," ती म्हणाली.

"आवाजच मोठा होता," वेधशाळा म्हणाली.

दोघी चालत जवळ आल्या. कोपरे हातात देता देता नवीने तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, वकिलाकडे बघितलं होतं अगदी तसं.

"खोटं," ती म्हणाली, आणि वाकून तिने दुमड उचलली.